कानबाईच्या गव्हाला पावडर

७ एप्रिल १९५७, रविवार
आजपासून रोजनिशी. धुळ्याच्या शेतकरी शिबिरात साहेब म्हणाले, सुधारलेला शेतकरी नोंदी ठेवतो. मी मॅट्रिकला बसलेला आहे. (निकालाचा विषय वेगळा.) आमच्या गावातून शिबिराला गेलेला मी एकटाच. काल नरडाण्याला उतरलो तेव्हा एका हातात बी.एच.सी. या कीडनाशक पावडरचा डबा होता, दुसऱ्या हातात पावडर उडवायची फुंकणी. गाडीवाल्याने विचारले, "रुपचंद भाऊ, बाजा शिकी उनात का?" फुंकणी त्याला वाजवायची वाटली. अज्ञान. त्याला माफ केले.

संकल्प: एका वर्षात घर, गोठा, शेत आणि जमल्यास गाव कीडमुक्त करणे.

११ एप्रिल, सकाळ
डेमॉन्स्ट्रेशन क्रमांक एक. माझ्या खोलीतल्या बाजांच्या सुतळीत पावडर फुंकली. ढेकूण पार गायब. रिझल्ट उत्तम.

१२ एप्रिल
ढेकूण हिलालभाऊंच्या खोलीत गेले. भाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, घराचे कर्ते. रात्रभर उठून बसले होते. सकाळी म्हणाले, "तुन्हं शास्त्र तुन्हाजोडे ठेव, मन्हा खाटलामा नको धाडू." वहिनी हसल्या. मी रागावलो नाही. प्रत्येक मोठ्या कामाला सुरुवातीला घरातूनच विरोध होतो.

१५ एप्रिल
मांजर मेले. बाजेखाली पडून पाय झाडत होते, दुपारी गेले. ताईबाईने (माझी पत्नी) विचारले, पावडरीने का? मी सांगितले, मांजराचे वय झालेले होते. ती काही बोलली नाही. तिची ही एक सवय आहे. बोलली असती तर मुद्देसूद उत्तर देता आले असते.

२८ एप्रिल, रविवार
आज बैठक झाली. यंदा कानबाई आमच्या घरी बसणार. सगळ्या भाऊबंदांचा रोट आमच्याच चुलीवर. मान मोठा आहे आणि जोखीमही मोठी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते. कुळातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजायचे, घरीच दळायचे, त्याच्या पुरणपोळ्या, म्हणजेच रोट. भाऊबंदांबाहेर कुणाला द्यायच्या नाहीत, आणि पुनवेच्या आत संपवायच्या. तुकडासुद्धा टाकायचा नाही. आमच्या घराण्यात आणखी एक: या गव्हाला पाणी लावायचे नाही. फडक्याने पुसून, पाखडून, तसाच जात्यात. आणि दाणा अख्खा हवा. कीड लागलेला दाणा देवीला चालत नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे कानबाई होती तेव्हा गव्हात सोंडे निघाले. पुना आबांनी (कुळातले सर्वांत वडील) भर ओसरीवर मूठ उघडून सगळ्यांना दाखवले. दाणे चालत होते. त्या दिवसापासून भाऊबंदांत आमच्या घराला "सोंडेवाले" म्हणतात. भाऊंनी तेव्हापासून बैठकीत मागे बसणे सुरू केले. आजही मागेच बसले होते. मला फार वाईट वाटले. भावासाठी काहीतरी करायलाच हवे.

मनात प्लॅन तयार आहे.

२ मे, गुरुवार. आखाजी (अक्षय तृतीया).
ताईबाई आखाजीला माहेरी. वहिनी पण माहेरी. भाऊ त्यांना पोचवायला गेलेले. घरात मी एकटा. संधी.

कानबाईचे गहू खळ्यावरच निवडून वेगळे ठेवले होते, छोट्या मातीच्या कोठीत. बायकांनी त्यात लिंबाचा पाला आणि राख घातलेली. तीन वर्षांपूर्वीही पाला आणि राख होतीच, सोंडे तरी झाले. म्हणजे ही पद्धत फेल आहे, हे सिद्ध. सगळे उपसले. पाला गुरांपुढे टाकला. गव्हात पावडर मिसळली, हाताने खालीवर केली, कोठीचे तोंड शेणामातीने लिंपले.

शिबिरात साहेबांनी सांगितले होते की ही पावडर फक्त बियाण्याला, खाण्याच्या धान्याला कदापि लावू नका. तीन वेळा सांगितले. माझ्या मते ही सूचना अशिक्षित लोकांसाठी होती. विचार करणाऱ्या माणसाला बियाणे आणि धान्य यांतला फरक कळतो. शिवाय दळायच्या आधी पुसणार, पाखडणार, मग भाजणार. आगीपुढे काय टिकते? प्रमाणात थोडी भर घातली. कमी पडायला नको.

हाताला दिवसभर वास येतो आहे. भूक लागली नाही. ऊन फार आहे.

१९ मे
ताईबाई परत आली. कोठीचे लिंपण नवे दिसले, विचारले. मी म्हणालो, भेग पडली होती. खोटे नाही. कोठी उघडताना भेग पडलीच होती. पावडरचे योग्य वेळी सांगेन. सगळ्या भाऊबंदांसमोर, पुना आबांच्या हातात गहू आल्यावर.

९ जून, रविवार
बैलांना गोचीड फार. मानेला, पोटाखाली पावडर चोळली. नंतर दोघांना नाल्याच्या डोहात धुतले, फुंकणीही धुतली. संध्याकाळी चिंधा धावत आला. चिंधा आमचे बांधापलीकडचे शेत वाट्याने करतो, माणूस बरा पण आरडाओरडा फार. "मासा आपेआप वर उनात." गेलो तर खरेच. पांढरी पोटे वर करून तरंगत होते. लोक पाट्या घेऊन पळत आले. जाळे नाही, गळ नाही, हाताने गोळा केले. मी डोहाच्या काठावर उभा राहून सांगितले की हा आधुनिक प्रयोगाचा जोडलाभ आहे. घरोघर कालवण झाले.

१० जून
गावात बऱ्याच जणांचे पोट बिघडले. चिंधाचेही. त्याच्या बायकोने उकिरड्यावर काटे टाकले होते, तिथे एक कावळा मेला. कावळ्यांचे आपसात काहीतरी सुरू असते. पोटाचे कारण उघड आहे: फुकटचे म्हणून लोकांनी जास्त खाल्ले.

डोहात बेडूक ओरडत नाहीत. शांत झोप लागते. हाही फायदा नोंदवला पाहिजे.

१४ जुलै
कपाशी वितभर झाली. पानामागे थोडा मावा दिसला. भाऊ म्हणाले, थांब, दरवर्षी येतो, लाल टिपक्यांचे किडे त्याला खातात. मी म्हणालो, किड्यांच्या भरवशावर विसाव्या शतकात शेती होत नाही. दोन दिवस फुंकणी चालवली. मावा साफ. लाल टिपक्यांचे किडेही साफ. बांधावरच्या आंब्याला मधमाशांचे पोळे होते, त्याखाली माशांचा खच. एका दमात एवढे काम कुणी केले असेल?

२६ जुलै
मावा परत आला. पहिल्यापेक्षा जास्त. पाने चिकट काळी झाली. शेजारी चिंधाने काही मारले नव्हते, त्याची कपाशी बरी आहे. त्याची जमीन वेगळी. (बांध एकच आहे, पण जमिनीचा कस बांधावर बदलू शकतो.) पावडर कमी पडली, एवढाच याचा अर्थ.

२८ जुलै, रविवार
आजचा दिवस सोन्याचा.

कोठी फोडली. पुना आबा आले होते, चार भाऊबंद आले होते. ताईबाईने मूठभर गहू काढून आबांच्या हातावर ठेवले. आबांनी दाणा दाणा फिरवून पाहिला, उन्हात धरला, दाताखाली एक फोडला. एक सोंडा नाही, एक भोक नाही. आबा म्हणाले, "हाई गहू नहीत, मोती शेत." मग भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हिलाल, पुढे बस." भाऊ पुढे बसले. तीन वर्षांनी. त्यांचे डोळे भरले ते मी पाहिले.

पावडरचे सांगणार होतो. पण भाऊ इतके आनंदात होते. आणि आबांनी श्रेय देवीला दिले होते, ते काढून घेणे बरे दिसले नसते.

ताईबाई कोठीत वाकली होती, वर येऊन म्हणाली, "हाई कशाना वास शे?" मी म्हणालो, नव्या लिंपणाचा. ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

२९ जुलै
बायकांनी अंगणात गहू पुसले, पाखडले. सांडलेले दाणे टिपायला चिमण्या आल्या. दुपारी अंगणात चिमण्या पडलेल्या दिसल्या. एक तर उडता उडता गोल फिरून खाली आली, पंख थरथरत होते. वहिनींनी विचारले हे काय. मी म्हणालो, उष्णता. पाऊस पडत होता. मी म्हणालो, दमट उष्णता.

 

३० जुलै
गहू मोजले गेले. पुना आबांनी एकेक नाव घेतले, भाऊंनी सव्वा सव्वा मूठ टाकली. माझेही नाव घेतले. एकदा मोजलेले गहू बदलता येत नाहीत. म्हणजे विषय आता माझ्या हातात राहिला नाही. एका दृष्टीने हलके वाटले.

ताईबाईने वहिनींना विचारले, या खेपेला एक पाणी फिरवले तर? वहिनींनी कानाला हात लावले. मी ओसरीवरच होतो. "फिरवा" म्हणू शकलो असतो. पण मीच परंपरेत ढवळाढवळ केली असे नंतर लोक म्हणाले असते.

३१ जुलै. नागपंचमी.
आज चिरणे, तळणे, नांगरणे काही नाही. फुंकणी बंद. वारुळाला दूध घातले. विचार करायला वेळ मिळाला, तो नको होता.

१ ऑगस्ट
प्रयोग. चिंधाच्या घरची एक कोंबडी आमच्या परसात येते. पाखडलेल्यातले मूठभर गहू तिला घातले. आवडीने खाल्ले. संध्याकाळपर्यंत ठणठणीत. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण विज्ञानाला पुरावा लागतो. मन शांत झाले. भाकरी पोटभर खाल्ली.

२ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळ.
कोंबडी मेली.

पण कोंबडी एकच. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढणे सायंटिफिक नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
धुळ्याला जाऊन आलो. साहेबांना समक्ष विचारावे म्हणून गेलो. साहेब टूरवर. शिपाई म्हणाला, सोमवारी या. परतीच्या बसमध्ये एक गृहस्थ भेटले, कोट घातलेला, जवळ औषधाची बॅग. कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर आहेत. त्यांना विचारले, धान्यात जराशी पावडर गेली तर? ते झोपेत होते. म्हणाले, जराशाने काय होतं हो. तज्ज्ञांचे मत मिळाले. काळजीचे कारण नाही.

ती पावडर जराशी नव्हती, हे मी त्यांना सांगितले नाही. त्यांनी विचारले नाही.

३ ऑगस्ट, शनिवार
आज जाते सुरू. पहाटेपासून बायका दळताहेत, कानबाईची गाणी म्हणताहेत. ताईबाईचा आवाज चांगला आहे, हे मला आज कळले. अंगणभर पिठाचा वास आणि त्यात तो दुसरा वास. मी परसात जाऊन उभा राहिलो.

भाऊ मध्येच माझ्याजवळ आले. इतक्या वर्षांत कधी बोलले नाहीत असे बोलले. म्हणाले, "तीन वरीस मी मान खाली घालीसन बठनू. कानबाईनं मन्हं तोंड उजळं करं." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून गेले. कसे सांगणार? कोण सांगू शकला असता?

निर्णय: उद्या सकाळी सांगायचे. नक्की.

४ ऑगस्ट, रविवार. सकाळ.
घरात गर्दी. देवी बसली. नारळाला डोळे लावले, नथ घातली, चौरंगावर फुलोरा. सगळे नवे कपडे घालून. ही वेळ नव्हे. जेवणाच्या आधी सांगतो.

संध्याकाळ
सांगायचे राहिले. पुना आबांनी आरतीला मला पुढे उभे केले.

पंगत बसली. गंगाफळाची (लाल भोपळ्याची) भाजी, खीर, आणि रोटाच्या पुरणपोळ्या. गुळाच्या आणि वेलदोड्याच्या वासापुढे दुसरा वास लागतच नव्हता. सगळे आवडीने जेवत होते. माझ्या नावाच्या पोळ्या माझ्या ताटात आल्या. मी हात जोडून म्हणालो, माझे पोट बिघडले आहे, दोन दिवस लंघन.

पंगतीत एकदम सगळे थांबले. नावाचा रोट खाल्ला नाही असे आमच्या कुळात झालेले नाही. आबा म्हणाले, कणभर तरी. मी म्हणालो, डॉक्टरने सांगितले आहे. (कंपाउंडर. पण तत्त्व तेच.) भाऊंचा चेहरा उतरला. आत्ताच पुढे बसायला लागले होते.

मग ताईबाई उठली. माझ्या ताटातल्या पोळ्या उचलून स्वतःच्या ताटात घेतल्या. "रोट उरू देवाना नही," एवढेच म्हणाली. आत जाऊन आपल्या पोळ्या खाल्ल्या आणि माझ्याही खाल्ल्या. पंगत पुन्हा सुरू झाली. आबा म्हणाले, बाई घराण्याची आहे.

मी तिला थांबवायला हवे होते का? काय सांगून थांबवणार? माझे पोट खरोखरच दुखायला लागले. तेव्हा मी खोटे बोललो असे म्हणता येणार नाही.

५ ऑगस्ट, सोमवार
ओळीने लिहितो.

सकाळी देवी विसर्जनाला नदीवर निघाली. डफ, गाणी. घरात काही जणांना मळमळ होत होती. जागरण, म्हणून सगळ्यांनी सोडून दिले. कानबाईचा पाट ताईबाईच्या डोक्यावर. वेशीपाशी तिची चाल डगमगली. वहिनींनी पाट धरला. ताईबाई खाली बसली आणि थरथरायला लागली. आधी हात, मग मान, मग सगळे अंग. डोळे वर गेले.

बायका ओरडल्या, "कानबाई आंगमा उनी." डफ जोरात वाजू लागला. कुणी तिच्या कपाळाला मळवट भरला, कुणी केस सोडले, पाय धुतले. लोक रांगेने पाया पडू लागले. पुना आबांनी वाकून विचारले, "माय, पाऊस पडी का?" तिचे दात आवळलेले होते. दातांतून घुर् असा आवाज आला. आबा म्हणाले, हो म्हणाली.

मला आधी काय वाटले ते लिहितो. सुटल्यासारखे वाटले. देवी आली आहे. चिमण्या, कोंबडी, मांजर, सगळे वेगळे. ही देवी आहे. एवढी माणसे सांगताहेत, चूक कशी असेल. मी पण पुढे झालो आणि पाया पडलो. तिचे पाऊल माझ्या हाताखाली झटके देत होते. मांजराचे पाय आठवले.

ओठावर आले होते. पण आबा हात जोडून उभे, डफ वाजतोय, सगळे गाव बघतेय. अशा वेळी पावडरचा विषय काढणे औचित्याला धरून झाले नसते.

थरथर थांबली. मग पुन्हा सुरू झाली. पुन्हा थांबली, पुन्हा सुरू. देवी एकदा आली की बोलते आणि जाते. ही जाईना. तिला वेशीजवळच्या कडुलिंबाखाली निजवले, हळदीने माखले आणि ओटी भरली. देवीला पाण्यात सोडून लोक परत आले तरी ती तिथेच. भाऊंना रस्त्यावर उलटी झाली. चिंधाच्या बायकोने तेवढ्यात पाहिले की ताईबाईच्या तोंडाला फेस आहे आणि ओठ निळे पडले आहेत. चिंधाची बायको भाऊबंदांतली नाही, तिने रोट खाल्ला नव्हता. ती म्हणाली, "हाई देवी नही. बाई मरी ऱ्हायनी."

मग बैलगाडी. गाडीत मी तिचे डोके धरून बसलो. नरडाण्याला बस मिळाली.

६ ऑगस्ट. धुळे. दवाखान्याचा व्हरांडा.
डॉक्टरांनी विचारले, काय खाल्ले. भाऊंनी सांगितले, देवीचा रोट. डॉक्टरांनी विचारले, घरात आणखी कुणाला? भाऊ म्हणाले, बऱ्याच जणांना उलट्या आहेत, दोघांना झटके, मलाही कसेतरी होतेय. डॉक्टरांनी विचारले, गव्हाला काही लावले होते? भाऊ म्हणाले, लिंबाचा पाला आणि राख.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. तेव्हा मी म्हणालो, थोडी पावडर होती. योग्य प्रमाणात.

योग्य प्रमाणात, हे शब्द तोंडातून कसे आले ते मला माहीत नाही.

भाऊ माझ्या शेजारी उभे होते.  त्यांनी विचारले, "तुले माहीत व्हतं?" मी म्हणालो, खात्री नव्हती. त्यांनी आणखी थोडा विचार केला. भाऊ हिशोबात हळू आहेत, पण चुकत नाहीत. म्हणाले, "म्हनीसन तू जेवना नही."

त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

७ ऑगस्ट
रात्री तिला पुन्हा झटके आले. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्यांनी एकेक वाटा खाल्ला, हिने दोन खाल्लेले दिसतात. मी म्हणालो, हो. कुणाचा दुसरा, ते त्यांनी विचारले नाही. मला सांगावेसे वाटले. व्हरांड्यात उभा राहून भिंतीला सांगितले.

१० ऑगस्ट, शनिवार. पौर्णिमा.
ताईबाई शुद्धीवर आहे. पेज घेते. बाकी सगळे वाचले.

गावाहून चिंधा आला होता. त्याने सांगितले: उरलेले रोट पुनवेच्या आत संपवायचे होते. भाऊंनी सगळ्या घरांतून पोळ्या परत मागून घेतल्या आणि शेताच्या कोपऱ्यात खोल खड्डा करून पुरल्या. कुळात प्रथमच. पुना आबांनी अडवले नाही, पण जागा सोडून गेले. रात्री कुत्र्याने उकरले. कुत्रे मेले. मग भाऊंनी वर दगड रचले आणि बाजूला बसून राहिले, पहाटेपर्यंत, हातात काठी घेऊन.

माझ्याबद्दल लोक काय म्हणतात ते चिंधाला विचारले. तो म्हणाला, "काही म्हनतस नहीत."

२५ ऑगस्ट, रविवार
ताईबाईला घरी आणले. अशक्त आहे. उजवा हात थरथरतो. दळायचे तर सोडाच, पाण्याचा तांब्या धरला तरी पाणी हिंदकळते. डॉक्टर म्हणाले, कमी होईल, किंवा नाही होणार.

रस्त्यात तिने फक्त कपाशीकडे बघितले. पाने काळी पडून गळली आहेत. चिंधाचे शेत हिरवे आहे.

डबा आणि फुंकणी मी विहिरीत टाकून देणार होतो. मग लक्षात आले की विहीर पाण्याची आहे. माळ्यावर ठेवली आहेत. उरलेल्या पावडरीचे काय करायचे ते शिबिरात सांगितले नव्हते.

१ सप्टेंबर, रविवार
गेला आठवडा फार वाईट जाईल असे वाटले होते. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. घरात माझा मान वाढला आहे.

आधी पंगतीत पहिले ताट भाऊंना वाढत. मोठे म्हणून. आता पहिले ताट मला. वहिनी स्वतः आणून ठेवतात, मी सुरुवात करेपर्यंत उभ्या राहतात. भाऊ शेजारी बसतात, बोलत नाहीत, पण माझ्याआधी घास घेत नाहीत. त्यांची मुलेसुद्धा नाहीत. ताईबाई बायकांच्या पंगतीत, दारातून माझ्याकडे बघत. मी जेवायला लागलो की थोड्या वेळाने सगळे सुरू करतात.

माणसे मनाने मोठी असतात. शेवटी मी घरासाठीच केले होते, हे त्यांना उमगले असावे. संकटातून माणूस मोठा होतो. उद्यापासून नवा संकल्प करावा असे वाटते आहे.

८ सप्टेंबर, रविवार
आज तोंडाला चव नव्हती. ताट समोर आले. दादर ज्वारीची भाकरी, आमटी. मी म्हणालो, तुम्ही सुरू करा, मी मागून जेवतो.

कुणी हात लावला नाही.

मला वाटले, मान. पुन्हा म्हणालो, अहो जेवा, माझी वाट बघू नका. भाऊंनी हात मांडीवर ठेवला. वहिनींनी पुढे होऊन आपल्या धाकट्या पोराच्या हातातला तुकडा काढून घेतला आणि ताट मागे सरकवले. पोरगे रडायला लागले. त्यांनी त्याला कुशीत घेतले, पण ताट दिले नाही.

मी विचारले, काय झाले?

ताईबाई दारातून उठून आली. माझ्यासमोर बसली. भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि माझ्यापुढे धरला. हात थरथरत होता, आमटी माझ्या धोतरावर सांडली. म्हणाली, "पह्यले तुम्ही खावा."

मी खाल्ला.

सगळे माझ्या गळ्याकडे बघत होते. भाऊसुद्धा. मी गिळला. मग तोंड उघडून दाखवावे असे मला वाटले, आणि तसे वाटले याचीच मला लाज वाटली.

बराच वेळ गेला. मग भाऊंनी हात धुतला आणि पहिला घास घेतला. वहिनींनी पोराला ताट दिले.